रोलरच्या पिनचं हार्डनिंग : माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक यंत्रमागाच्या सुट्या भागांची. एक टॉवेल कारखानदार अण्णा टॅपेटवरच्या (मागाच्या कॅमवरच्या) रोलरच्या पिना घेऊन आले. काही झिजून चपट्या झालेल्या, काही मानेपाशी मोडलेल्या. म्हणाले, "झिजतंय म्हणून कडक करून घेतलं, तर आता काचेसारखं तुटायलंय बघा."

झिजलेली पिन ग्राइंडरला लावली. ठिणग्या लांब, फुलं अगदी कमी. म्हणजे माइल्ड स्टील, कार्बन 0.2 टक्क्याच्या आसपास. ते कितीही तापवून बुडवा, कामापुरतं कडक होत नाही. मोडलेल्या पिनवर मात्र कानस नुसती घसरत होती. पोलाद बरं होतं, पाणीही दिलेलं (तापवून बुडवलेलं) होतं, पण टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं, झाल्याचं काही लक्षण नव्हतं.

मी ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) चा बार घेतला, टेस्ट सर्टिफिकेट मागूनच. यात कार्बन 0.36 ते 0.44 टक्के. भंगारातला बार स्वस्त पडतो, पण तो काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आधी एक नमुना ओळखीच्या लोहारमामांच्या भट्टीत केला. मामांकडे तापमापक नाही, चुंबक आहे. 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्यानंतर आणखी थोडं तापवायचं, कारण ईएन-8 ला 830 ते 860 लागतात. एवढ्या तापात कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. सावकाश गार केलं तर तो वेगळा होऊन बसतो, एकदम गार केलं की आत अडकतो आणि पोलाद कडक होतं. मामा पिन पाण्यात खालीवर हलवत राहिले. स्थिर धरली की भोवती वाफेचा पापुद्रा धरतो आणि जागोजाग मऊ राहतं. सोलापूरच्या मे महिन्यात हौदातलं पाणीच कोमट, त्यामुळे मामांनी त्यात मीठ टाकलं.

पिन घासून चकचकीत केली आणि पुन्हा हळूहळू तापवली. 220-230 अंशांना पिवळसर रंग चढतो, 300 च्या जवळ निळा. पिवळ्यावरच थांबलो. (शेजारच्या बेकरीची भट्टी साधारण एवढीच तापते. मनात आलं होतं, पण पावाला तेलाचा वास लागला असता.)

नमुना चांगला झाला, तरी पूर्ण लॉट असा करायचा नव्हता. पिनला कडकपणा हवा तो वरच्या थरात. आतून चिवटच राहिली पाहिजे, नाहीतर मागाच्या धक्क्याने मोडणारच. त्यासाठी इंडक्शन हार्डनिंग. विजेच्या कॉइलमध्ये वरचा थर काही सेकंदांत लाल होतो, लगेच पाण्याचा फवारा बसतो, गाभा तसाच राहतो. कार्ब्युरायझिंगचाही (वरच्या थरात कार्बन मुरवण्याचा) विचार केला होता, पण त्याला कमी कार्बनचं पोलाद आणि 900 च्या वर काही तास भट्टी लागते. या पिनेला तेवढा खर्च परवडत नाही.

इंडक्शनला बाहेर देण्याआधी मानेच्या कोपऱ्याला गोलाई दिली, कारण धारदार कोपऱ्यात तडा जातो. ग्राइंडिंगसाठी 0.3 मिलिमीटर जादा ठेवले. माल परत आल्यावर कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशिनवर 52 ते 54 एचआरसी (रॉकवेल सी मापात) लागलं. ग्राइंडिंगला कूलंट भरपूर सोडलं. चाकाखाली पिन करपली की वरचा थर पुन्हा मऊ पडतो.

आता जॉबवर्कच्या चलनावर नुसतं "हार्डनिंग" लिहीत नाही. लिहितो : ईएन-8, इंडक्शन, खोली 2 मिलिमीटर, टेंपरिंगनंतर 50 ते 55 एचआरसी.