गड्ड्याचा फ्लेक्स आणि किरणांचा घोळ

संक्रांत जवळ आली की मंडळाचा गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा, फ्लेक्स माझ्याच गळ्यात पडतो, कारण गल्लीत फोटोशॉप येणारा मी एकटाच. यावेळी फर्माईश आली, "नंदीध्वजाच्या मागनं किरणं आली पाहिजेत बे, नुसता फोटो नको."

नंदीध्वज म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या. म्हटलं दहा मिनिटांचं काम. आधी लेन्स फ्लेअर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड चमकतो तसा तयार इफेक्ट, मारला तर काठीच्या टोकाला एलईडी लावल्यासारखं दिसायला लागलं. मग दुसरी पद्धत, सिलेक्टमधून कलर रेंज, त्यात हायलाइट्स, कंट्रोल जे करून वेगळी लेयर आणि तिला रेडियल ब्लर, झूम, १००, म्हणजे मधल्या बिंदूपासून बाहेर ओढल्यासारखं पुसट. पण गड्ड्यात सगळे पांढऱ्या बाराबंदीत, त्यामुळं फोटोत सगळ्यात उजळ काय तर बाराबंद्याच की! प्रत्येकाच्या पोटातनं किरणं निघाली. आई बघून म्हणाली, सगळेच सिद्धरामेश्वर झाले का काय रे.

मग दोन दिवस तसंच पडून राहिलं. डबा द्यायला मामाच्या लूमवर गेलो, अक्कलकोट रोडला, सकाळची वेळ, पत्र्याला भोकं आणि हवेत कापसाची धूळ, त्यात उन्हाच्या पट्ट्या उतरलेल्या. डबा हातात धरून तसाच बघत उभा राहिलो. पट्ट्या सारख्या जाडीच्या नव्हत्याच, एक जाड तर शेजारच्या दोन बारीक, वर उजळ आणि खाली येईस्तोवर विरलेल्या, आणि मशीनच्या मागनं जाणारी पट्टी मशीनपाशी तुटलेली. धूळ आहे म्हणून पट्टी दिसते, स्वच्छ हवेत नुसता जमिनीवर उजेडाचा ठिपका पडेल. मामा म्हणाले, काय बघतोस, डबा आण इकडं.

घरी येऊन काळी लेयर घेतली, डी दाबून रंग काळा-पांढरा केला आणि रेंडरमधून क्लाउड्स, म्हणजे ढगासारखे डाग, मग लेव्हल्सनं कॉन्ट्रास्ट इतका ताणला की थोडेच पांढरे ठिपके उरले. त्याला रेडियल ब्लर झूम, सेंटर डाव्या कोपऱ्यात ओढून, दोनदा. या फिल्टरला प्रिव्ह्यू नाही ही खरी कटकट, म्हणून आधी ड्राफ्टवर बघायचं आणि जमलं की बेस्ट. ब्लेंड मोड स्क्रीन केला की काळं गायब. मग मास्क लावून काठ्या आणि माणसांवरची किरणं मऊ ब्रशनं पुसली, आणि तेव्हा कुठं ती मागनं आल्यासारखी वाटली.

फ्लेक्स १० बाय ८ फुटांचा, ७२ डीपीआयला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात, तिथं रेडियल ब्लर लावला की माझा पीसी झोपतोच. म्हणून किरणं पाव साइजला बनवून नंतर मोठी केली, ब्लरमध्ये बारीक डिटेल नसतंच त्यामुळं कळत नाही. मोठं केल्यावर रंगाच्या पायऱ्या दिसायला लागल्या, त्याला २ टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाकला. आणि सीएमवायकेला, म्हणजे छपाईच्या रंगांत, न्यायच्या आधी फ्लॅटन करा, म्हणजे सगळ्या लेयर एक करा बरं का, नाहीतर स्क्रीन मोडचा उजेड बदलतो, मी आधी तसंच नेलं तर पिवळं सगळं मळकट.

रात्री अकराला फाइल दाखवली. सगळे खूश, तेवढ्यात एकजण म्हणाला, "कोपऱ्यात भाऊंचा फोटो हाय, त्यांच्या मागं पण टाक की दोन किरणं."

मी नुसती भाऊंची लेयर किरणांच्या खाली सरकवली. आता किरणं भाऊंच्या चष्म्यावरनं जातात.