गुणांची वही : सोमजित बीजिंगला पोचला

जुन्या ऑलिंपिक लढती लावायच्या, आवाज बंद करायचा आणि आपणच जज होऊन गुण द्यायचे, हा उद्योग चालू आहेच. थायलंडच्या मनुस बूनजुमनाँगचं पान भरून झालं (२००४ ला अथेन्सला सोनं, २००८ ला बीजिंगला रौप्य). सध्या वहीत आहे सोमजित जोंगजोहोर. हाही थायलंडचाच बॉक्सर, बुरिराम प्रांतातला गडी, वजनी गट ५१ किलो, म्हणजे फ्लायवेट. थायलंडच्या बॉक्सिंगचा विषय निघाला की लोक थेट १९९६ च्या अटलांटावर उडी मारतात. तिथे बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोव्हने उपांत्य फेरीत अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरला १०-९ असं काढलं आणि अंतिम फेरीत तोच तोदोरोव्ह थायलंडच्या सोमलक कामसिंगकडून ८-५ ने हरला. किस्सा झकास आहे, वाद नाही. पण गुण कसे पडतात हे शिकायचं असेल तर सोमजितच बघावा, असं माझं मत होत चाललंय.

नवीन मंडळींसाठी सामान सांगून टाकतो. बोटात अडकवायचे जपाचे दोन काउंटर, पूजेच्या दुकानात मिळतात तेच. एकाला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याला निळी. टीव्हीच्या ज्या कोपऱ्यात स्कोअर येतो तिथे पोस्टकार्ड. हे पोस्टकार्ड फार महत्त्वाचं. आकडा एकदा दिसला की अंगठा आपोआप त्याच्या मागे जातो.

नियम जुनेच लावतोय. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला जजांनी ज्या पद्धतीने हरवलं त्यावरून एवढा गहजब झाला की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून बटणं आली. रिंगभोवती पाच जज, प्रत्येकापुढे एक लाल आणि एक निळं बटण, एकेका बॉक्सरचा एक रंग. पाचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकाच रंगाचं बटण दाबलं तरच गुण. ठोसा ग्लोव्हच्या पांढऱ्या भागाने बसायला हवा, तोही समोरून किंवा बाजूने डोक्यावर, नाहीतर पट्ट्याच्या वर अंगावर. सिडनी (२०००) ते बीजिंग (२००८) लढती दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांच्या.

एकट्याने मोजताना माझे आकडे अधिकृत आकड्यांपेक्षा कायम भरमसाट निघायचे, तेही दोन्ही बाजूंचे. या खेपेला मेव्हणा आणि त्याचा मुलगा यांनाही बसवलं. पोराने कुठूनतरी एक ॲप काढलं, त्यात प्रत्येकाच्या टिचकीची वेळ नोंदली जाते. तिघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एका सेकंदात तिघांचीही टिचकी पडली तेवढेच ठोसे धरले. आकडे धाडकन खाली आले. वहीत लिहून ठेवण्यासारखी या महिन्यातली गोष्ट हीच.

कारण नीट बघितलं की कळतं. तीन-चार ठोशांची सरबत्ती सुटते तेव्हा एकाला पहिला बसलेला दिसतो, दुसऱ्याला तिसरा, तिसरा माणूस अजून विचारच करत असतो. तिघांचे अंगठे जुळत नाहीत आणि एवढी मेहनत बहुतेक वेळा फुकट जाते. पोटातला ठोसा तर समोरच्याच्या कोपराआड जातो. तो ज्या बाजूने दिसतो त्या बाजूचेच जज दाबणार. मात्र लांबून सरळ आलेला, डोकं मागे ढकलणारा एकच ठोसा चारही बाजूंनी दिसतो, आणि तिथे आम्हा तिघांचंही एकमत झालं.

सोमजितची बॉक्सिंग बघा, ती या हिशेबावरच बेतल्यासारखी आहे. समोरच्याला येऊ द्यायचं, त्याचा हात लांब झाला की अर्धं पाऊल बाजूला, एक स्वच्छ ठोसा आणि लगेच बाहेर. दुसरा मारायचा मोह नाही. मेव्हणा पहिल्या फेरीनंतर म्हणाला, “हा खेळतोय की टाळतोय?” तिसऱ्या फेरीपर्यंत तोच पुढे सरकून बसला होता. लहानपणापासून मुआय थाई (लाथाही चालतात असं थायलंडचं पारंपरिक बॉक्सिंग) खेळलेल्या मुलाला अंतराचा अंदाज पक्का असतो, कारण तिथे लाथेचंही अंतर सांभाळावं लागतं. ती सवय इथे कामाला येत असावी. हा माझा कयास, तज्ज्ञ मंडळींनी खोडून काढावा.

आता कारकीर्द. सिडनीत या वजनाचं सोनं थायलंडकडेच गेलं, पण ते विचान पोन्लिदचं. अंतिम लढतीत त्याने कझाकस्तानच्या बुलात जुमादिलोव्हला १९-१२ असं हरवलं. २००३ ला जागतिक स्पर्धा बँकॉकला झाली आणि घरच्या प्रेक्षकांसमोर सोमजित विश्वविजेता ठरला. पुढच्या वर्षी अथेन्सला दुसऱ्याच लढतीत क्यूबाचा युरिओर्किस गाम्बोआ आडवा आला. २६-२१, सोमजित बाहेर, आणि गाम्बोआ पुढे सुवर्ण घेऊन गेला. ही लढत मी पुन्हा पुन्हा बघतोय. गाम्बोआचे हात इतके भराभर चालतात की ‘अंगठे जुळत नाहीत’ या माझ्या सिद्धांताची पार वाट लागते. त्याने तिथेच अंतिम फेरीत फ्रान्सच्या जेरोम तोमाविरुद्ध ३८ गुण मिळवले! तेव्हा सरबत्ती फुकट जाते हे वाक्य पेन्सिलीनेच लिहिलंय.

२००७ ला शिकागोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या रॉशी वॉरनने सोमजितला रौप्यावर थांबवलं. म्हणजे बीजिंगला वॉरन हाच मोठा अडसर. पण हा पठ्ठ्या पहिल्याच लढतीत कोरियाच्या ली ओक-सुंगसमोर शेवटची तीसेक सेकंदं आपण पुढे आहोत असं समजून नुसता पळत राहिला आणि ९-८ ने गेला. बटणांच्या काळातलं यापेक्षा क्रूर उदाहरण मला माहीत नाही.

सोमजित तेव्हा ३३ वर्षांचा. याच गटात आपला भिवानीचा जितेंदर कुमारही होता. तो उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या बालाक्शिनकडून १५-११ असा हरला. नाहीतर विजेंदरच्या जोडीला आणखी एक पदक आलं असतं. ड्रॉच्या दुसऱ्या अर्ध्यात सोमजित शांतपणे वर सरकत होता. उपांत्य फेरीत इटलीच्या पिकार्दीवर ७-१, अंतिम फेरीत क्यूबाच्या आंद्री लाफितावर ८-२. आठ मिनिटांच्या लढतीत विजेत्याचे आठ गुण, म्हणजे सरासरी मिनिटाला एक. आमच्या तिघांची जुळवणीही या आकड्याच्या बरीच जवळ आली. माझा एकट्याचा काउंटर मात्र नेहमीप्रमाणे कुठल्या कुठे.

एक शंका राहते. बीजिंगला एकूणच जजांचे अंगठे आखडलेले वाटतात. अथेन्सला २१ गुण घेऊन हरणारा माणूस चार वर्षांनी ८ गुणांत जिंकतो, याचं सगळं श्रेय त्याच्या शैलीला द्यायला मन धजत नाही. म्हणून आता दोन्ही ऑलिंपिकमधल्या इतर वजनांच्या अंतिम लढतीही तिघांनी मोजायच्या असं ठरलंय. पोराची परीक्षा उरकली की लगेच.

त्यानंतर लंडन २०१२, थायलंडचा काएव पोंगप्रायून विरुद्ध चीनचा झोउ शिमिंग, झोउ १३-१० ने जिंकला. अगदी शेवटी काएवला ताकीद मिळाली आणि ते दोन गुण झोउच्या खात्यात गेले. त्या लढतीला पोस्टकार्ड जरा मोठं लावणार आहे, रेफ्रीचा हातही झाकला जाईल असं. ठोसे कोणाचे जास्त होते ते आधी कळू दे, ताकिदीचं नंतर बघू. बँकॉक २००३ च्या अंतिम फेरीचं पूर्ण, न कापलेलं चित्रण कोणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडे तुकडेच आहेत आणि तुकड्यांवर गुण देता येत नाहीत.