आमची वाटचाल : तीन गाड्या आणि एक झोपाळा

२००३ च्या सिंहस्थात मी थोरल्या भावाच्या सेकंडहँड सुमोवर ड्रायव्हर होतो. रामकुंड ते त्र्यंबक, त्र्यंबक ते रामकुंड. कुंभ संपला तेव्हा हातात पैसा फारसा उरला नव्हता, पण वहीत शंभरेक फोन नंबर जमले होते. त्यावर धंदा सुरू केला. पंचवटी, त्र्यंबक, शिर्डी, सवड असली तर वणी. नाशकातल्या निम्म्या टूरवाल्यांचं घर या चार नावांवर चालतं, आमचंही चाललं. एकाच्या तीन गाड्या झाल्या. मधली वर्षं म्हणजे हप्ते, टायर आणि नवरात्रातली गडावरची गर्दी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते २०१५ च्या सिंहस्थानंतर. डोंबिवलीच्या एक निवृत्त बाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "देव कुठे राहतात ते बघून झालं. आता माणसं कुठे राहायची ते दाखवा." मी त्यांना सराफ बाजाराजवळचा पेशव्यांचा सरकारवाडा दाखवला, मग आग्रा रोडने चांदवडला होळकरांच्या रंगमहालात नेलं. लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं सगळं बघून बाईंनी विचारलं, "इथे आता कोण राहतं?" कोणी नाही, म्हटलं. त्या गप्प झाल्या. परतीच्या वाटेवर आमचा ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, आमच्या गावच्या वाड्यात आईसाहेब अजून राहतात की."

आपला जिल्हा सरदारांचा आहे. चांदवड होळकरांचं, विंचूर पानिपतावरून परत आलेल्या विठ्ठल शिवदेवांचं, आनंदवल्लीला राघोबादादांचा मुक्काम. पण जिथे चूल अजून पेटते असा वाडा मी तोवर आतून पाहिला नव्हता. त्या गावाचं आणि घराण्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा आमच्या पत्रकात छापलं होतं, तर पुढच्या रविवारी चार मोटारी न विचारता दारात. नाव बुकिंग झाल्यावर फोनवर सांगतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठा दरवाजा बंद होता, त्यातली दिंडी, म्हणजे छोटं दार, उघडी. दिंडीतून आत जायचं तर मान लववावीच लागते. मी विसरलो आणि कपाळावर टेंगूळ घेऊन आईसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी आधी हळद मागवली, मग नाव विचारलं.

जोतं काळ्या पाषाणाचं, वर पातळ पेशवाई विटा, आत सगळा सांगाडा सागवानी. वाडा फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. चौकात तुळस, चारी बाजूंना सोपे म्हणजे ओसऱ्या, स्वयंपाकघरामागे भिंतीतच बांधलेलं बळद. त्यात वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. आता त्यात मांजर विते. वरच्या माडीत मोडी कागदांचे गाठोडे लाल कापडात बांधलेले. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागद असेच बांधतात आणि त्या बांधणीला रुमाल म्हणतात, हे मला आईसाहेबांनी सांगितलं. एक रुमाल सोडून दाखवला, वाचून दाखवला नाही. म्हणाल्या, "यात आमच्याच भाऊबंदकीची भांडणं आहेत, पाहुण्यांना कशाला?"

उत्पन्नाचं विचारायला मला संकोच वाटत होता, त्यांनीच विषय काढला. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कुळ कायद्याने कसणारा मालक झाला आणि वाड्याची बहुतेक जमीन गेली. "जमीन गेली ते बरोबरच झालं, कसत ते होते," त्या म्हणाल्या. "पण छप्पर आमच्याच गळ्यात राहिलं ना!" ज्या घराच्या नावावर तेव्हा जमीन झाली, त्याच घरातल्या वहिनी आज आमच्या पाहुण्यांसाठी बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे करतात. पैसे रोख घेतात, आणि वाड्यापेक्षा त्यांचं घर पक्कं आहे.

सुरुवातीला मी लोभ केला. जेवणासकट माणशी दर ठरवून पहिल्याच हिवाळ्यात चौतीस जणांची बस नेली. आईसाहेब काही बोलल्या नाहीत. जेवणानंतर सहा जण एकदम झोपाळ्यावर बसले, सातवा फोटो काढत होता. पितळी कड्या टिकल्या, पण वरच्या तुळईतला आकडा तळहाताएवढी ढलपी घेऊन सुटला. लागलं कोणाला नाही. पण तो आवाज मला अजून आठवतो, ओल्या उसाचं कांडं मोडावं तसा.

सगळ्यांना चहा दिला गेला. बस निघाल्यावर त्यांनी मला एकट्याला थांबवलं. "गाडीवाले, पुढच्या वेळी बारा माणसं." पैसे घेतले नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुळई दुरुस्त करायला मला दोन महिने लागले. नवं लाकूड जुन्याला जुळत नाही, असं सुतारमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा बसल्याची बातमी येते, त्याचं सागवान मोडीत निघतं. आम्ही वखारी पालथ्या घातल्या तेव्हा कुठे हवा तसा तुकडा मिळाला. मामांनी कुजका भाग चौकोनी कापून काढला, तुकडा खाचेत बसवला आणि वरून लाकडी खुंट्या ठोकल्या. खिळा एकही नाही. खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूड खातो, म्हणाले. बिल मी भरलं. त्या वर्षीचा नफा त्यातच गेला, आणि बायकोने तो हिशेब बरेच दिवस ऐकवला.

मग खरं काम सुरू झालं. आठवड्यातून एकच गट, बारा माणसं, देवघरात प्रवेश नाही, माडीवर एका वेळी चार. माणशी दरातला ठरलेला वाटा थेट शाकारणीला जातो. मे महिन्यात कौलं उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा चढवायची. हे एक वर्ष चुकलं की पाणी भिंतीत, आणि भिंतीमागोमाग वाळवी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाहुणे बंद झाले, दोन गाड्या विकल्या, तरी शाकारणीचे पैसे आम्ही पाठवले. त्यात मोठेपणा नव्हता. वाडा गळला असता तर आमच्याकडे पुन्हा शिर्डी-त्र्यंबकच उरलं असतं.

आता पुन्हा तीन गाड्या आहेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी बँक चौथीला कर्ज द्यायला तयार आहे; मुलगा घ्या म्हणतो, मी अजून सही केलेली नाही. गेल्या मे महिन्यात कौलं बघायला गेलो होतो, तेव्हा आईसाहेबांना भीतभीत विचारलं, गट वीसचा केला तर? त्यांनी वर तुळईकडे पाहिलं. तो तुकडा अजून बाकीच्या लाकडापेक्षा उजळ दिसतो.

"तेरा करा," म्हणाल्या. "तेरावे तुम्ही. दर वेळी बाहेर गाडीत बसून डबा खाता, ते बरं दिसत नाही."

पावसाळ्यात वाडा बंद असतो. दिवाळीनंतरची बुकिंग दसऱ्यापासून घेतो. झोपाळ्यावर एका वेळी दोघंच.