जुना टँगो, नवे कॉर्ड

'तो ओस्तात्निया न्येजेला' हा वॉर्सातला टँगो 1935 च्या सुमाराचा. चाल येझी पीटर्सबुर्स्कीची, शब्द झेनॉन फ्रीडवाल्डचे, आवाज म्येचिस्वाव फॉगचा. प्रियकराची मागणी एवढीच, की ताटातूट ठरलेलीच आहे, पण हा शेवटचा रविवार तेवढा मला दे. गाणं इतकं रडवेलं, की त्याला 'आत्महत्यांचा टँगो' असं टोपणनाव पडलं. 1937 मध्ये याच चालीवर रशियन शब्द बसले आणि तिकडेही ती गाजली. चाल अशी दणकट, तरी पियानोवाला आणि गायिका तिला जॅझमध्ये नेतात तेव्हा हटकून बिघडते.

पियानोवाला पहिल्यांदा टँगोचा ठासून वाजणारा ठेका काढून टाकतो. तेही बरोबरच. पण मग लय खाली खाली जाते, गायिकेचा श्वास पुरत नाही आणि ओळ मधेच तुटते. मिनिटाला 56 ठोक्यांच्या खाली जायचं कारण नाही.

खरी मजा कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळणीत. ए हा सा धरला, तर चालीला ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन एवढ्यावर तोलून धरता येतं. ए मायनर लांबला, की आतला एकच स्वर उतरवायचा: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध. बाकी बोटं जागची हलवायची नाहीत. ई सेव्हनच्या जागी बी फ्लॅट सेव्हन चालतो, कारण शुद्ध नी आणि मध्यम दोन्हींत सारखेच. मात्र त्या क्षणी गळ्यात काय आहे ते बघावं. पंचम असेल तर झकास. शुद्ध रे असेल तर खाली खर्जात कोमल रे वाजतो आणि दोघं एकमेकांना घासतात. तिथे मुकाट्याने जुना कॉर्ड वाजवावा.

गायिकेची अडचण वेगळी. पोलिशमध्ये जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. 'न्येजेला'त तो 'जे'वर आहे. जॅझच्या सवयीनं शब्द मागे ओढला आणि समेवर 'ला' आला, तर पोलिश कानाला ते परक्याचं गाणं वाटतं. ओळ हवी तेवढी उशिरा उचलावी, पण 'जे' समेवर किंवा किंचित आधीच पडावा.

पोलिश गायिका आना मारिया योपेकनं 2017 मध्ये असली जुनी पोलिश गाणी 'मिन्योने' या अल्बमसाठी क्यूबाचा पियानोवादक गोन्झालो रुबालकाबा याच्याबरोबर केली. ही जोडी वाटते तेवढी विजोड नाही. टँगोच्या ठेक्यात हाबानेरा या हवानाच्या नाचाच्या ठेक्याचा अंश आहेच.

दोघंच असतील, खर्ज सांभाळणारं बास हे वाद्य नसेल, तर पियानोवाल्याच्या डाव्या हाताला कॉर्डचा मूळ स्वर सोडता येत नाही. उजव्या हाताचा सर्वांत वरचा स्वर मात्र गळ्याच्या खालीच ठेवावा. तो वर गेला की ऐकणाऱ्याला दोन चाली ऐकू येतात, आणि तक्रार गायिकेच्या सुराची होते.