चार महिने कमी पडत होते

सप्टेंबर लागला की आमच्या कॉलेजच्या परदेश शिक्षण कक्षात फाइली यायला लागतात. येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मॅडम, एसओपी तेवढं बघा." एसओपी म्हणजे हाच कोर्स का करायचा हे सांगणारं पत्र. अनुभवाचा दाखला बघा असं कोणी म्हणत नाही. 2024 च्या सप्टेंबरात एका मुलीची फाइल नेमकी त्या दाखल्यावर अडकली. मराठवाड्यातल्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या बऱ्याच मुलांचं असंच अडतं, म्हणून त्या दिवशी काय काय केलं ते सविस्तर लिहितेय.

अर्ज होता डाडच्या (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) एपॉस शिष्यवृत्तीसाठी. पैसा तिथल्या विकास मंत्रालयाचा, म्हणून कोर्सही विकसनशील देशांच्या प्रश्नांशी जोडलेले: पाणी, नगररचना, शेती, सार्वजनिक आरोग्य. मास्टर्सला तेव्हा दरमहा 992 युरो, वर आरोग्य विमा, प्रवासभत्ता आणि कोर्सच्या आधी जर्मन भाषेचा वर्ग. अर्ज डाडकडे जात नाही, थेट त्या त्या विद्यापीठाच्या कोर्सकडे जातो. जास्तीत जास्त तीन कोर्स, पसंतीच्या क्रमाने. प्रत्येकाची मुदत वेगळी. हिच्या तीन कोर्सपैकी एकाची मुदत त्याच रात्री संपत होती. जर्मनीतली मध्यरात्र म्हणजे सप्टेंबरात आपले पहाटेचे साडेतीन, पण त्यावर विसंबून बसू नये. शेवटच्या दोन तासांत पोर्टल रडतं.

मुख्य अट दोन वर्षांच्या अनुभवाची, आणि तो पदवीनंतरचा हवा. शिवाय पदवीला साधारण सहा वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. हिची बॅच 2020 ची, करोनाची. त्या वर्षी शेवटच्या सत्राच्या परीक्षा लांबल्या, हिची ऑक्टोबरात झाली आणि निकाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागला. ही मात्र जुलैतच एका पाणलोटाच्या कंत्राटदाराकडे लागलेली. दाखल्यावर छापलं होतं, 'जुलै 2020 ते जून 2022'. बरोब्बर दोन वर्षं, म्हणून ती निर्धास्त होती. मी दाखला आणि निकालपत्र शेजारी शेजारी ठेवलं. निकालापासून मोजलं तर भरतात वीस महिने. चार कमी.

यावर पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो: कंत्राटदाराकडून तारीख वाढवून आणा. तो देईलही. पण पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेला पगार आणि दाखला या तिन्हींचा मेळ बसला नाही, तर एवढी मेहनत एका कागदापायी वाया जाते. पुढे व्हिसाच्या वेळी तोच कागद पुन्हा डोकं वर काढतो. मी तो विषय तिथेच बंद केला आणि विचारलं, "जून 2022 नंतर काय करत होतीस?"

"एमपीएससी." आवाज खाली गेला. सीव्हीत त्या दोन वर्षांचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे एमपीएससीची गॅप लपवायची चीज झाली आहे. युरोपास या सीव्हीच्या युरोपीय साच्यात मात्र महिन्यासकट तारखा लिहाव्या लागतात, त्यामुळे लपवलेली गॅप आधी दिसते. तिथे 'राज्य सेवा परीक्षेची तयारी, स्वयंअध्ययन' एवढी एक ओळ पुरते.

"दोन वर्षं नुसता अभ्यास? खर्चाचं काय?"

"अधूनमधून एका संस्थेचं काम केलं. मानधनावर. ती काही नोकरी नव्हती, मॅडम."

गावांच्या पाण्याचा ताळेबंद करायचं काम होतं ते. विहिरीत टेप सोडून पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी घ्यायची, गावातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी उतरवायच्या, ऊस किती हेक्टर आणि सोयाबीन-तूर किती हे तलाठ्याच्या पीकपेऱ्यावरून काढायचं आणि ग्रामसभेत आकडा मांडायचा, की पाऊस एवढा, वापर एवढा, तूट एवढी. चौदा गावं. मार्च ते नोव्हेंबर 2023, आठवड्याचे चार दिवस. सहा दिवसांचा आठवडा धरला तर नऊ महिन्यांचं हे काम पूर्णवेळ सहा महिन्यांचं होतं. वीस अधिक सहा, सव्वीस. शिवाय कंत्राटदाराकडच्या मोजमाप पुस्तकांपेक्षा अर्जाच्या विषयाला हेच काम जास्त लागू होतं, आणि नेमकं तेच सीव्हीत नव्हतं.

संस्थेच्या सचिवांना फोन लावला. माणूस भला, तासाभरात दाखला व्हॉट्सअॅपवर आला. त्यात लिहिलं होतं की सदर मुलगी सुशील, कष्टाळू आणि नम्र असून तिने सामाजिक कार्यात हिरिरीने सहभाग घेतला, तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. हा दाखला पाहून जर्मनीतला माणूस काय मोजणार? काम कधी सुरू झालं, कधी संपलं, आठवड्याला किती दिवस, पद काय, मोबदला होता की नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं. मी मुद्दे लिहून पाठवले आणि विनंती केली की खरं असेल तेवढंच घाला. दुसरा कागद आला तो असा: क्षेत्र सहायक, भूजल, या तारखेपासून या तारखेपर्यंत, आठवड्याला चार दिवस, दर गावामागे मानधन, कामं अमुक अमुक. लेटरहेड, सही, गोल शिक्का, खाली सचिवांचा ईमेल आणि फोन. सोबत पासबुकातल्या मानधनाच्या नोंदींची पानं मागवून ठेवली. ती अर्जात जोडायची नसतात, कुणी विचारलंच तर हाताशी असावीत.

दुपारनंतर एसओपी. 'लहानपणापासून पाण्याचा प्रश्न बघत आले' आणि लगेच लातूरला मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. एप्रिल 2016 ची ती गाडी आता इतक्या पत्रांतून धावली आहे की निवड समितीलाही तिचं वेळापत्रक पाठ झालं असेल. तो परिच्छेद काढला. त्याऐवजी तिच्याच ताळेबंदातलं एक गाव घेतलं: जिथे विहिरी वाढल्या पण पाणी वाढलं नाही, कारण खाली बेसॉल्ट, पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरमाचा थर आणि खडकाच्या भेगा, आणि दोन विहिरी एकाच थरातून ओढतात. हे मोजता येतं पण मॉडेल करता येत नाही, ते शिकायचंय, असं तिने लिहिलं. इथून कोर्सकडे वळणं सोपं गेलं. पहिल्या पसंतीला स्टुटगार्टचा जलसंपदा अभियांत्रिकीचा कोर्स का आणि बाकीचे दोन त्याखाली का, हे त्याच पत्रात सांगावं लागतं. तिन्हीकडे एकच पत्र जातं, दोन पानांच्या आत, खाली हाताने सही. सहीचं चित्र चिकटवू नये. सीव्हीलाही तसंच.

मालकाचं शिफारसपत्र आधीच बरं होतं, फक्त तारीख जुनी होती, ती ताजी करून घेतली. परतल्यावर पुन्हा कामावर घेऊ असं एक वाक्य मालकाने लिहून दिलं तर वजन पडतं. कंत्राटदाराने ते लिहिलं नाही, आम्हीही आग्रह धरला नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेला. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव वेगवेगळं. फॉर्म भरताना मार्कशीट समोर ठेवलं की 'फर्स्ट नेम'मध्ये आडनाव जातं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरायचं, शिफारसपत्रातही.

गुणांचं रूपांतर तर मुळीच स्वतः करू नये. जर्मन सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, कमाल आणि पासिंग यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तिचा सीजीपीए 8.1, पासिंग 4 धरलं तर उत्तर येतं 1.95. तोच सीजीपीए मार्कशीटच्या मागच्या सूत्राने, म्हणजे पाऊण वजा करून दहाने गुणून, टक्क्यांत नेला तर 73.5, पासिंग 40 धरून पुन्हा मोजलं तर 2.33. माणूस तोच, आकडे दोन. म्हणून मार्कशीटची मागची बाजूही स्कॅन करून जोडली आणि रकान्यात मूळ सीजीपीएच लिहिला.

एपीएस प्रमाणपत्रासाठी, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या पडताळणीसाठी, 18,000 रुपये भरायला ती निघाली होती. नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला ते लागतं खरं, पण डाडसारखी सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्यांना त्यातून सूट आहे. कोर्सच्या पानावर अर्जासोबतच मागितलं नसेल तर निकालापर्यंत थांबावं. हिच्या तिघांनीही मागितलं नव्हतं.

स्कॅनिंगला संध्याकाळ गेली. मोबाइलच्या अॅपने आपोआप काळं-पांढरं केलं आणि संस्थेचा फिकट निळा शिक्का गायबच झाला. पुन्हा रंगीत, 300 डीपीआयवर. मग यादीत दिलेल्या क्रमाने सगळं एका पीडीएफमध्ये. क्रमही तपासला जातो. साडेनवाला अर्ज गेला, पोचपावतीचा ईमेल आला, तो पीडीएफ करून ठेवायला लावला.

तिन्ही अर्जांत एकच दाखला होता. एका कोर्सने आठवड्याचे चार दिवस धरले नाहीत आणि अनुभव अपुरा म्हणून कळवलं. दुसऱ्याने तोच दाखला मान्य करून तिचं नाव डाडकडे पाठवलं. तिसऱ्याचं उत्तर त्यानंतर आलं, तोवर ती डाडच्या पोर्टलवर तीच कागदपत्रं नव्याने चढवत होती.