डिफेक्ट की डिफेक्टिव्ह?

कारखान्यातल्या माल तपासणीत 'डिफेक्ट' म्हणजे दोष, 'डिफेक्टिव्ह' म्हणजे दोष असलेला नग. एका झाकणावर दोन चरे आणि एक पोचा असेल तर डिफेक्ट तीन, डिफेक्टिव्ह एकच. हे आकडे एकाच रकान्यात भरले की नाकारलेल्या मालाची टक्केवारी फुगते आणि चांगला लॉट उगाच अडकतो.

'रीवर्क' आणि 'रिपेअर'मधली गल्लत तर फारच महागात पडते. रीवर्कनंतर नग मूळ अटींत पूर्ण बसतो. १०.०० मिमीचं भोक ९.९० निघालं, रीमर (भोक वाढवायचं हत्यार) फिरवून मापात आणलं: रीवर्क. तेच १०.२० झालं आणि आत बुश (भोकात बसणारी छोटी नळी) ठोकला, तर रिपेअर. नग वापरता येतो, पण ड्रॉइंगमध्ये बुश नाही. म्हणून ग्राहकाकडून लेखी 'कन्सेशन', म्हणजे असा नग चालवून घ्यायची परवानगी, घ्यायलाच हवं.