आठवीचा मूल्यशिक्षणाचा तास : माझा अनुभव

गोव्यातल्या कॅथलिक शाळेत मराठीबरोबर आठवीचा मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडे आहे. कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, कॅथलिक मुलांपुरता. मूल्यशिक्षणाच्या तासाला मात्र सगळी मुलं एकत्र बसतात. तरी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना विषयांची यादी पाठवून लेखी संमती घेते. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं संविधानाचं कलम २८(३) सांगतं. बायबलमधली गोष्ट सांगायची तर संमती हाताशी असलेली बरी.

या शिक्षणाचा हेतू काय, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, १९६५च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आहे : माणसाची सर्वांगीण घडण, मुलाचे पहिले शिक्षक आईवडील, आणि शाळेत स्वातंत्र्य व प्रेमाचं वातावरण. कॅथलिक नसलेली मुलंही जिथे शिकतात त्या शाळांबद्दल त्यात खास जिव्हाळा आहे. हे ३५ मिनिटांत कसं उतरवायचं? मी जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शाळांचे पाच टप्पे घेते : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन.

‘मानवी प्रतिष्ठा’ या विषयाला लूकच्या शुभवर्तमानातली, दहाव्या अध्यायातली भल्या शोमरोनीची (शोमरोन प्रांतातल्या माणसाची) गोष्ट घेते. ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारणाऱ्या एका यहुदी शास्त्र्याला, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराला, येशू ती सांगतो. हजेरी आणि संदर्भाला आठ मिनिटं : यरुशलेम-यरीहो रस्ता, आणि यहुदी व शोमरोनी यांच्यातलं वैर. हे वैर नीट सांगितलं नाही तर गोष्ट नुसती ‘मदत करा’वर येऊन थांबते. लुटारूंनी एका माणसाला मारून रस्त्यात टाकलेलं असतं. याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात. शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, जखमीला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी. ही दहा मिनिटं.

खरा तास पुढे. ‘शेजारी कोण ठरला?’ या येशूच्या प्रश्नावर शास्त्री ‘शोमरोनी’ म्हणत नाही, ‘ज्याने दया केली तो’ म्हणतो. त्याने नाव का घेतलं नसेल, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मिनिटभर शांतता जड वाटते. तिथेच शिक्षक घाईने तात्पर्य सांगून मोकळा होतो आणि सगळं वाया जातं. थांबलं की मागच्या बाकावरून ‘घाटी’ शब्द येतो, घाटापलीकडून आलेल्यांना गोव्यात हिणवून म्हणतात तो. मग कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलं डबा कुठे खातात, हा प्रश्न मुलंच काढतात. मात्र वर्गातल्या अशा मुलाकडे कुणाचीही नजर वळू द्यायची नाही. उदाहरण बाजारातलं, बसमधलं घ्यायचं. चिंतनाला बारा मिनिटं ठेवते, यातली कापत नाही.

उरलेल्या पाचांत कृती. ‘सर्वांशी प्रेमाने वागू’ असलं लिहू देत नाही; येत्या शुक्रवारपर्यंत होईल असंच हवं, जसं डब्याच्या वेळी जागा बदलून बसणं. पुढच्या तासाला वहीत चार ओळी : काय केलं, काय अडलं. गुण देत नाही. गुण लावले की मुलं शिक्षकाला आवडेल ते लिहितात, आणि ‘काय अडलं’ची ओळ कोरी राहते.